मी ख्रिस्ती नाही; माझं मागणं पोहोचतं का?

वाचक लिहितात:

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला लहानपणापासून फिट येतात. गोळ्या चालू आहेत. फिट कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मी माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, जायला लागले. नऊ बुधवार पूर्ण झाले, तरी अजून जाते. आम्ही हिंदू. सासूबाई म्हणतात, ‘आपले देव कमी पडले का?’ मागच्या महिन्यात एका रविवारी घराजवळच्या चर्चमध्ये गेले. सगळे रांगेने पुढे जाऊन प्रसाद घेत होते म्हणून मीही उभी राहिले. तिथल्या स्वयंसेवकाने सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुम्ही कॅथलिक आहात का?’ नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘मग बाजूला व्हा, हे तुमच्यासाठी नाही.’ घरी आले आणि मैत्रिणीने दिलेला नवा करार उघडला, तर नेमकी कनानी बाईची गोष्ट निघाली. मुलांची भाकर कुत्र्यांना घालू नये, असं येशू तिला सांगतो. म्हणजे तोही तेच म्हणाला? आणि तिची मुलगी लगेच बरी झाली, माझी नाही. प्रार्थना-गटातल्या एक बाई म्हणाल्या, ‘तुमचा विश्वास कमी पडतोय, गोळ्या बंद करून बघा.’ मला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती व्हावं लागेल का? नोव्हेनाला मेणाची बाहुली वाहतात, ती वाहायची राहिली म्हणून असं होतंय का?
– एक आई, मुंबई

प्रिय ताई,

आधी गोळ्यांचं बोलू. बाकीच्या प्रश्नांना सवड आहे, याला नाही. गोळ्या बंद करू नका, एक वेळचीही चुकवू नका. फिटचं औषध अचानक तोडलं की थांबलेल्या फिटही परत येतात. कधी एकीमागून एक अशा येतात की मूल मधे शुद्धीवरच येत नाही, आणि त्यात जीव जाऊ शकतो. योग्य औषध नीट घेतलं तर दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या लेकीच्या फिट कमी झाल्यात, म्हणजे औषध लागू पडतंय. मात्रा वाढवायची की औषध बदलायचं, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. फिट आली की तिला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, कांदा आणि चप्पल हुंगवणाऱ्यांना लांब ठेवा, घड्याळ बघा; पाच मिनिटांवर गेली तर सरळ हॉस्पिटल.

‘गोळ्या बंद करून बघा’ हा सल्ला देवाच्या नावाने दिला गेला, याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आलाय. त्या बाईंना पुन्हा भेटलात तर एवढंच सांगा की शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, आणि आजाऱ्यांना वैद्याची गरज असते हे खुद्द येशूचं बोलणं आहे. वाद घालू नका. गट मात्र बदला.

आता त्या रविवारचं.

तुम्ही हात पुढे केलात यात गैर काहीच नव्हतं. आपल्याकडे देवळात प्रसादाला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. जात्या माणसाला हाक मारून हातावर साखरफुटाणे ठेवतात. त्यात आम्ही मराठी कॅथलिक त्या पवित्र भाकरीला ‘ख्रिस्तप्रसाद’च म्हणतो, तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाने काय समजायचं? पण ती सगळ्यांना वाटायची गोष्ट नाही. ती हातावर घेऊन ‘आमेन’ म्हणणं म्हणजे ‘हा ख्रिस्त आहे असं मी मानते, आणि या मंडळीशी मी बांधलेली आहे’ असं चारचौघांत कबूल करणं. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाने ते घेऊ नये असा कॅथलिक चर्चचा नियम आहे, आणि त्याबद्दल मी इथे गुळमुळीत बोलणार नाही. मात्र हा नियम लायकीचं माप नाही. मिस्सेला, म्हणजे रविवारच्या त्या उपासनेला, कधी नीट बघा. जन्मापासून कॅथलिक असलेली माणसंही बाकावरून न उठता बसून राहिलेली दिसतील. गंभीर पाप मनात खुपत असेल आणि फादरांसमोर त्याची कबुली द्यायची राहिली असेल, तर त्यांनीही ती भाकर घ्यायची नसते.

तेव्हा नियम आहे तो आहे. पण ‘बाजूला व्हा’ हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. त्या स्वयंसेवकाला हलक्या आवाजात सांगता आलं असतं की, ताई, छातीवर हात घडी करून या, फादर आशीर्वाद देतील. बऱ्याच चर्चमध्ये तशी पद्धत आहे. तुमच्या इथे आहे का, ते मिस्सेच्या आधी फादरांना विचारून घ्या. राहिली माहीमची नोव्हेना. ती भक्ती आहे, संस्कार नव्हे, आणि सगळ्यांना मोकळी आहे. 1948 पासून दर बुधवारी ती चालते. सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत होते, आणि त्या गर्दीत हिंदू, मुसलमान, पारशी नेहमीच असतात. तिथे तुम्ही कुणाची जागा अडवत नाही.

आता ती गोष्ट. तुम्ही ती अशा संध्याकाळी वाचलीत की दुसरी एखादी निघाली असती तर बरं, असं क्षणभर मला वाटलं. मग वाटलं, हीच निघाली ते ठीक झालं. फक्त सावकाश वाचायला हवी.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ती आहे, मार्कच्या सातव्यातही. येशू गालील सोडून सोर आणि सिदोनच्या मुलखात जातो. आजच्या लेबनॉनचा हा किनारा. मार्क म्हणतो, तो एका घरात गेला आणि कुणाला कळू नये असं त्याला वाटत होतं. तिथे ही बाई येते. मत्तय तिला कनानी म्हणतो, मार्क सुरफुनीकी वंशाची ग्रीक म्हणतो. कसंही म्हटलं तरी परधर्माची, परमुलखाची. ती ओरडते, ‘प्रभू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया करा, माझ्या मुलीला भूत लागून ती फार हैराण झाली आहे.’ मागणं मुलीसाठी आणि दया मात्र ‘माझ्यावर’. हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

येशू गप्प. एक शब्दही बोलत नाही. शिष्य कंटाळून म्हणतात, ‘तिला पाठवून द्या, ती आपल्यामागे ओरडत येतेय.’ मग येशू म्हणतो, मला इस्राएलच्या हरवलेल्या मेंढरांकडेच, म्हणजे यहुदी लोकांकडेच, पाठवलंय. ती पुढे येऊन पाया पडते: ‘प्रभू, मला मदत करा.’ आणि मग ते वाक्य येतं, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नव्हे.

या वाक्यावर साखर पेरायचे पुष्कळ प्रयत्न झालेत. मी वसईत रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. दहा-बारा वर्षांची मुलं या वाक्यावर हमखास अडतात आणि ‘येशू असं कसं बोलला?’ म्हणून विचारतात. मी त्यांना गप्प करत नाही. मोठ्यांनी दिलेली उत्तरं साधारण दोन. एक जुनं: तो तिची परीक्षा बघत होता, तिचा विश्वास शिष्यांसमोर उघड व्हावा म्हणून. चौथ्या-पाचव्या शतकापासून प्रवचनांत हे सांगितलं जातं. दुसरं अलीकडचं: माणूस झालेल्या देवाला माणसासारखं ऐकून, वाद होऊन उमगत गेलं, आणि या बाईच्या बोलण्याने त्याच्या कामाची कक्षा रुंदावली. मला पहिलं पुरतं पटत नाही, कारण मुलगी घरी तडफडत असताना आईची परीक्षा घेणं मला येशूच्या स्वभावाशी जुळत नाही. दुसऱ्याने पुष्कळ लोक बिचकतात, पण मी तिकडे झुकते. शास्त्री, परूशी, सदूकी असे कितीतरी यहुदी धर्मपुढारी येशूशी वाद घालायला येतात आणि निरुत्तर होऊन परततात. इथे एका परक्या आईचं बोलणं वरचढ ठरतं, आणि त्याला त्याचा आनंद होतो. मत्तय आणि मार्कला ही गोष्ट गाळता आली असती. त्यांनी ती ठेवली, आणि ते बोचरं वाक्यही ठेवलं.

त्या वाक्यामागचं राजकारण थोडं माहीत असलेलं बरं. सोर हे श्रीमंत बंदर. जेरुसलेमच्या मंदिराचा कर भरायला सोरचंच चांदीचं नाणं लागायचं. आणि त्या शहराचं पोट भरायचं ते आतल्या प्रदेशातल्या धान्यावर. नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात स्पष्टच म्हटलंय की सोर आणि सिदोनच्या देशाचं पोषण हेरोद राजाच्या देशातून होत होतं. म्हणजे गालीलचा शेतकरी पिकवायचा आणि भाकर किनाऱ्यावर जायची. ‘मुलांची भाकर’ या शब्दांत तो सगळा सल आहे. बाई गरीब की श्रीमंत हे गोष्टीत सांगितलेलं नाही. पण ज्या शहराकडे ती बोट दाखवू शकत होती, ते शहर वरचढ होतं. तिने तसं काही केलं नाही.

ती काय म्हणाली ते बघा: ‘खरंच, प्रभू, तरी धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातात.’

शब्दाला शब्द करून ती ‘मी कुत्री नाही’ म्हणत बसली नाही. ‘मी चांगली बाई आहे, माझा हक्क आहे’ असंही म्हणाली नाही. स्वतः कोण आहोत हा विषयच तिने बाजूला ठेवला आणि बोलणं त्याच्याकडे काय आहे इकडे वळवलं. तुझ्या मेजावर एवढं आहे की मुलांचं काही न हिरावता मला पुरेल, असा तिच्या बोलण्याचा अर्थ. आणि तो खोटा नव्हता. याच्या आदल्याच अध्यायात येशूने पाच हजारांना जेवू घातलंय आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्यात. त्या टोपल्यांची गोष्ट तिला ठाऊक होती की नाही, कोण जाणे. वाचणाऱ्याला मात्र ठाऊक असते. त्याच पंधराव्या अध्यायात पुढे चार हजार जेवतात आणि सात टोपल्या उरतात. त्या दोन जेवणावळींच्या मधोमध ही बाई चुरा मागते आहे.

नम्रता म्हणजे मान खाली घालून अपमान गिळणं, असं आपल्या मनावर ठसलेलं असतं, बायकांच्या तर जास्तच. या बाईत मला ते दिसत नाही. हॉस्पिटलच्या काउंटरवर ‘उद्या या’ म्हटलं तरी न हलणाऱ्या आईसारखी ती आहे. तिला स्वतःचं मोठेपण सिद्ध करायचं नाही, म्हणून तिला कुणी हलवू शकत नाही.

इथे मला आपल्या मातीतली एक अडचण सांगायलाच हवी. महाराष्ट्रात ‘मेजाखालचा चुरा’ असं वाचलं की दुसरंच काहीतरी आठवतं. चोखोबा एका अभंगात फार भूक लागल्याचं सांगतात आणि उष्ट्यासाठी पाटी घेऊन आल्याचं गातात. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी. आत नाही, पायरीपाशी. आणि मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की फेकलेलं उष्टं खाणं आजपासून सोडा. ते बरोबरच सांगितलं. तेव्हा या गोष्टीचा आधार घेऊन कुणी तुम्हाला, किंवा आणखी कुणाला, ‘मिळेल तो चुरा गोड मानून घे’ असं शिकवायला लागलं तर ऐकू नका. आम्हा ख्रिस्ती लोकांना तर ते शिकवायचा अधिकारच नाही. या देशात कित्येक चर्चमध्ये जातीजातीला वेगळे बाक होते, कुठे कुठे दफनभूमीही वेगळी होती. आणि गोष्टही तसं शिकवत नाही. तिला चुरा मिळत नाही. ‘बाई, तुझा विश्वास मोठा आहे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो,’ असं येशू म्हणतो आणि मुलगी त्याच घटकेला बरी होते. अर्धी बरी झाली, बाहेरच्यांपुरती बरी झाली, असं काही नाही. घरच्या मुलांना जे मिळतं ते सगळं तिला मिळतं.

‘तुझा विश्वास मोठा’ हे शब्दही नीट बघण्यासारखे आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना वारंवार ‘अल्पविश्वासी’ म्हणतो. एकच अध्याय मागे शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागतो, तेव्हा त्यालाही हेच ऐकावं लागलंय. मोठ्या विश्वासाची शाबासकी त्या सबंध पुस्तकात फक्त दोघांना मिळते. एक ही बाई, दुसरा कफर्णहूममधला रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा अधिकारी. दोघं परके. दोघांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही; तिने मुलीसाठी मागितलं, त्याने चाकरासाठी. आणि दोन्ही आजारी माणसं येशूसमोर आलीसुद्धा नाहीत, जिथे होती तिथेच बरी झाली.

आता मी तुम्हाला त्या रांगेत परत नेते, कारण तिथे एक गोष्ट झाली ती बहुधा तुमच्या लक्षात आली नसेल. रांग सुरू होण्याच्या जरा आधी सगळी मंडळी एका सुरात एक प्रार्थना म्हणते. तिचा आशय असा: प्रभो, तू माझ्या घरी यावंस अशी माझी योग्यता नाही, पण तू फक्त शब्द बोल, म्हणजे माझा आत्मा बरा होईल. ही प्रार्थना कुठून आली? त्या शताधिपतीच्या तोंडून. ‘माझा चाकर बरा होईल’ एवढंच बदलून आम्ही ‘माझा आत्मा’ केलं. रोमची वर्दी घातलेला, बाप्तिस्मा न झालेला तो माणूस. शेकडो वर्षं जगभरातले कॅथलिक, अगदी पोपसुद्धा, ती भाकर घेण्याआधी त्याचे शब्द उसने घेतात. तुम्हाला ‘तुम्ही कॅथलिक आहात का’ विचारणाऱ्या त्या गृहस्थांनीही पाच मिनिटांपूर्वी ते म्हटलेले असणार.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या लोकांकडे तर तुमचीच बाई आहे. इंग्लंडमध्ये 1549 साली जी प्रार्थनापद्धती ठरली, तिच्यात भाकर घेण्याआधीची एक प्रार्थना आहे: तुझ्या मेजाखालचा चुरा गोळा करण्याइतकीही आमची योग्यता नाही. त्या परंपरेतल्या चर्चमध्ये ती आजही म्हणतात. आणि कॅथलिक मिस्सेच्या सुरुवातीला ‘हे प्रभो, दया कर’ म्हणतो, ती आर्जवं स्तोत्रांतही आहेत, आंधळ्यांच्या आणि कुष्ठरोग्यांच्या तोंडीही आहेत. पण कनानी बाईची पहिली हाकही तीच. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर काढलं गेल्यासारखं तुम्हाला वाटलं. आतली माणसं मात्र बाहेरच्यांचेच शब्द म्हणत होती. मला एवढी वर्षं शिकवताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त धरून ठेवावीशी वाटली आहे.

आणि हे काही नव्या कराराने नव्याने शोधलेलं नाही. मत्तयने पहिल्याच पानावर येशूची वंशावळ दिली आहे, तिच्यात राहाब आहे, यरीहोची कनानी. रूथ आहे, मवाबी. दोघी परक्या. सोर-सिदोनच्या याच किनाऱ्यावर सारफथ नावाचं गाव होतं. एलिया नावाचा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, दुष्काळात तिथल्या एका विधवेकडे आला आणि तिची शेवटची मूठभर पिठाची भाकर आधी त्याने मागितली. बघा, तिथे भाकर मागणारा इस्राएली आणि देणारी परकी. तिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही, पुढे तिचं मेलेलं मूलही जिवंत झालं. येशूने आपल्या गावी, नासरेथला, या विधवेची आणि संदेष्ट्याकडून बऱ्या झालेल्या सिरियाच्या नामान सेनापतीची आठवण काढली, तेव्हा गावकरी इतके संतापले की त्याला कड्यावरून ढकलायला निघाले. दया बाहेर गेली की आतल्यांना राग येतो, हे तेव्हाचंही आहे. आमच्या मिस्सेत दर तीन वर्षांनी ऑगस्टच्या मध्याला कनानी बाईची गोष्ट वाचतात, आणि तिच्याआधी यशया संदेष्ट्याचा छपन्नावा अध्याय: परक्यांना मी माझ्या पवित्र डोंगरावर आणीन, माझ्या मंदिराला सर्व राष्ट्रांचं प्रार्थनागृह म्हणतील. हे यहुदी धर्मग्रंथातले शब्द आहेत, ख्रिस्ती धर्म सुरू होण्याच्या कितीतरी शतकं आधीचे.

आता सगळ्यात अवघड भाग. तिची मुलगी बरी झाली, तुमची नाही.

तुमचा विश्वास कमी पडला म्हणून असं झालं नाही. हे मी ठासून सांगते. पौलापेक्षा मोठ्या विश्वासाचा माणूस आमच्याकडे दाखवणं कठीण. त्याने आपल्या ‘शरीरातला काटा’ निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. त्याला उत्तर मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे’ असं. नासरेथच्या त्या प्रवचनात येशू स्वतःच म्हणतो की एलियाच्या काळी इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या. पीठ एकीचं टिकलं. बाकीच्यांची काय चूक होती, हे तो सांगत नाही, कारण चूक नव्हतीच. तुमची मुलगी अजून बरी का झाली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे तयार असतं त्यांच्यापासून जरा जपून राहा.

विश्वास म्हणजे इतकं मागितलं तर इतकं मिळेल असा सौदा नव्हे. नऊ बुधवार हा मागत राहण्याचा एक शिस्तीचा मार्ग आहे, हप्ते नव्हेत की नववा भरला आणि वस्तू घरी आली. येशूने अन्यायी न्यायाधीशाची एक गोष्ट सांगितली आहे, लूकच्या अठराव्या अध्यायात: एक विधवा रोज येऊन त्याचं डोकं खाते, शेवटी तो वैतागून न्याय देतो. पुष्कळ जण तिचा अर्थ असा काढतात की देवाला पुरेसं वैतागवलं की तो देतो. गोष्टीचा रोख उलटा आहे: असला माणूससुद्धा शेवटी ऐकतो, तर देव ऐकणार नाही का? तेव्हा बुधवारी जा, जावंसं वाटतं म्हणून जा. एखादा बुधवार मुलीला बरं नसल्याने चुकला, तर पुन्हा एकपासून मोजायला लागू नका.

बाप्तिस्म्याचं विचारलंत. मागण्यासाठी तो लागत नाही. कैसरीयात कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी होता. देवदूताने त्याला सांगितलं की तुझ्या प्रार्थना आणि दानधर्म देवापर्यंत पोहोचलेत. तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पेत्र त्याच्या घरी यायचा होता. पेत्र आला आणि म्हणाला, देव पक्षपात करत नाही हे मला आता कळलं. येशूच्या मुख्य शिष्याला ते तेव्हा कळलं, तर आमच्या स्वयंसेवकांना थोडा वेळ देऊ या. कनानी बाईलाही येशूने ‘आधी माझी शिष्या हो’ अशी अट घातली नाही. ती मुलीकडे घरी गेली आणि गोष्टीतून दिसेनाशी झाली.

उद्या कधी तुम्हालाच ख्रिस्ताच्या मागे जावंसं वाटलं, मुलगी बरी झाली किंवा नाही झाली तरीही, तर फादरांशी बोला. त्याला बरेच महिने लागतात, शिकवण असते, विचार करायला वेळ देतात, आणि ते योग्यच आहे. पण आज, या काळजीत, बरं होण्याच्या बदल्यात बाप्तिस्मा असं मनात असेल तर तो घेऊ नका. घाई करणारा कुणी भेटला तर त्यालाही नको म्हणा.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांच्या प्रश्नात हेटाळणी असेलही, पण मला त्यात भीती जास्त ऐकू येते: नात आजारी, सून दुसरीकडे निघाली. त्यांना सांगा, ‘तुमचे देव कमी पडले नाहीत, माझा जीव थाऱ्यावर नाही.’ त्या देवापुढे नातीसाठी दिवा लावत असतील, तर त्यांच्याशेजारी उभ्या राहा. एखाद्या बुधवारी त्यांना माहीमला यायचंय का, तेही विचारून बघा. येतील कदाचित, नाही आल्या तर मुलीजवळ कुणीतरी घरी आहे याचं तुम्हाला निवांतपण. शाळेतल्या बाईंना फिट आली तर काय करायचं हे लिहून दिलंय ना? दिलं नसेल तर या आठवड्यात द्या.

राहिली मेणाची बाहुली. ती न वाहिल्याने काही अडलेलं नाही. चर्चबाहेरच्या फेरीवाल्यांकडे बाहुल्या, हात, पाय, घरं, सगळं मिळतं. लोक श्रद्धेने वाहतात आणि मी त्यांना हसत नाही. मनातलं बोलता येत नाही तेव्हा हातात धरायला काहीतरी लागतं. वाहायची असेल तर लहानशी घ्या. फक्त पुढच्या महिन्याच्या गोळ्यांचे आणि डॉक्टरांच्या फीचे पैसे त्याआधी बाजूला काढून ठेवा.